किऑस्क किती हवेत, आणि इतर काही प्रश्न

दोन-चार दिवसांच्या कार्यक्रमासाठी भाड्याने आणायचे, गर्दीच्या ठिकाणी उभे करायचे आणि कार्यक्रम संपताच उचलून परत द्यायचे, अशा टचस्क्रीन किऑस्कविषयी या वेळी बरीच पत्रे आली आहेत. बहुतेक पत्रलेखक प्रदर्शने, परिषदा किंवा क्रीडास्पर्धा भरवणाऱ्या समित्यांवर काम करणारे दिसतात. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आमच्या परिषदेला पहिल्या दिवशी सकाळी तासाभरात सुमारे १,२०० प्रतिनिधी येतात. त्यांना स्वतःच नोंद करून बिल्ला घेता यावा यासाठी किती किऑस्क लागतील? पुरवठादार दहा पुरेत म्हणतो. आमच्या अध्यक्षांना पाचसुद्धा जास्त वाटतात.

उत्तर : आकडा सांगण्यापूर्वी दोघांनीही एक गोष्ट मोजायला हवी होती, ती म्हणजे एका माणसाला यंत्रापुढे लागणारा वेळ. हा वेळ स्क्रीनला झालेल्या पहिल्या स्पर्शापासून धरू नये. आधीचा माणूस बाजूला झाल्यापासून हा माणूस बिल्ला घेऊन बाजूला होईपर्यंतचा सगळा वेळ त्यात येतो. खांद्यावरची पिशवी खाली ठेवणे, चष्मा शोधणे, फोनमधला क्यूआर कोड उघडून त्याचा उजेड वाढवणे हेही त्यात आले. समजा, हा वेळ सरासरी ४५ सेकंद भरला. तासाला १,२०० म्हणजे मिनिटाला २० माणसे, म्हणजे दर मिनिटाला ९०० सेकंदांचे काम, आणि एका यंत्राच्या हाती मिनिटाचे ६० सेकंद. भागाकार १५ येतो, म्हणजे १५ यंत्रे अखंड चालतील एवढा कामाचा भार आहे. टेलिफोन एक्स्चेंजला किती वाहिन्या लागतील हे ठरवण्यासाठी डेन्मार्कचे गणिती आग्नर क्रारूप एर्लांग यांनी १९०९ पासून जे काम मांडले, त्याचा पाया हाच आहे, आणि या भाराचे एकक आजही ‘एर्लांग’ याच नावाने ओळखले जाते. आपला भार १५ एर्लांग आहे.

मात्र भार १५ असताना नेमकी १५ यंत्रे घेणे ही चूक ठरते, कारण माणसे घड्याळ लावून एकामागून एक येत नाहीत. बस थांबली की चाळीस जण एकदम उतरतात आणि मग पाच मिनिटे कोणीच फिरकत नाही. एकच यंत्र असेल आणि येण्याच्या व कामाच्या वेळा अशा अनियमित असतील, तर यंत्र ८० टक्के वेळ व्यग्र असताना सरासरी प्रतीक्षा एका माणसाच्या कामाच्या चौपट होते, ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. यंत्रे अनेक आणि रांग एकच असेल तर हे आकडे बरेच सौम्य होतात, पण शेवटच्या टप्प्यात रांग अचानक फुगण्याची रीत तीच राहते. म्हणून १५च्या भाराला १८ यंत्रे धरावीत. त्यातही तासाभराची सरासरी फसवी असते. उद्घाटनाआधीच्या शेवटच्या २० मिनिटांत निम्मे लोक आले, तर मिनिटाला ३० माणसे येतात आणि भार २२.५ वर जातो; मग २६ यंत्रेही फार म्हणता येणार नाहीत.

आता खरा उपाय. तोच वेळ ४५ वरून ३० सेकंदांवर आणला, तर गर्दीच्या २० मिनिटांतलाही भार पुन्हा १५ वर येतो आणि १८ यंत्रांत काम भागते. आठ यंत्रांचे भाडे वाचवणारे हे पंधरा सेकंद स्क्रीनवरच्या प्रश्नांतूनच काढावे लागतात. एका परिषदेत मी किऑस्कच्या मागच्या खांबाला टेकून अर्धा तास उभा होतो. नोंदणीच्या वेळी दिलेला ईमेल यंत्र पुन्हा टाइप करायला सांगत होते. स्क्रीनवरच्या कीबोर्डवर एका बोटाने पत्ता टाइप करणारे गृहस्थ ‘ॲट’चे चिन्ह शोधण्यासाठी तीन वेळा अंकांच्या पानावर जाऊन आले, आणि त्यांच्या मागची रांग दाराबाहेर गेली. जी माहिती आधीच आपल्याकडे आहे ती पुन्हा विचारू नये, टाइप करण्याजोगे काही ठेवूच नये आणि ‘आपण कोणत्या सत्राला बसणार?’ यासारखे प्रश्न यंत्रावर घालू नयेत. ते विचारायला नंतर दोन दिवस असतात.

प्रत्येक यंत्रापुढे वेगळी रांग न लावता सर्वांची एकच रांग लावावी आणि तिच्या तोंडाशी एक स्वयंसेवक ठेवावा. त्याला एक साधे गणित शिकवून ठेवता येते, जे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले : रांगेतल्या माणसांच्या संख्येला मिनिटाला मोकळ्या होणाऱ्या माणसांच्या संख्येने भागले की प्रतीक्षेची मिनिटे मिळतात. रांगेत ६० जण असतील आणि मिनिटाला २० जण सुटत असतील, तर शेवटच्या माणसाला तीन मिनिटे लागतील असे तो छातीठोकपणे सांगू शकतो. याखेरीज दर चार-पाच यंत्रांमागे एक मदतनीस, आणि नावात चूक असलेल्या किंवा नोंदच न सापडणाऱ्या लोकांसाठी माणूस बसलेले एक टेबल, हे धरूनच मनुष्यबळाचा हिशेब करावा. तसे टेबल नसेल तर हीच माणसे यंत्रापुढे पाच-पाच मिनिटे अडकतात आणि वरचे सगळे गणित कोलमडते.

प्रश्न : सभागृहात चाचणी घेतली तेव्हा यंत्रे उत्तम चालली. प्रत्यक्ष कार्यक्रम खुल्या मैदानात होता. तिथे दुपारी स्क्रीनवर काही दिसेना आणि पावसाची भुरभुर सुरू होताच बटणे आपोआप दाबली जाऊ लागली. यंत्रे सदोष होती का?

उत्तर : सदोष नव्हती, चुकीच्या जागी होती. सभागृहात साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो, तर थेट उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास जातो. घरातल्या वापरासाठी बनवलेल्या स्क्रीनची प्रखरता २५० ते ३५० निट असते; उन्हात वाचता यावे यासाठी किमान १,००० निट, आणि खरे तर त्याहून बरीच जास्त लागते. प्रखरता वाढली की वीज जास्त लागते आणि उष्णताही वाढते, आणि वर ऊन असतेच. स्क्रीनमधले लिक्विड क्रिस्टल ठरावीक तापमानापलीकडे गेले की त्याची रचना मोडते आणि स्क्रीनवर काळे डाग पसरतात. थंड झाल्यावर ते सहसा जातात, पण तोवर दुपार निघून गेलेली असते. यंत्राचे तोंड फिरवून फारसे साधत नाही, कारण स्क्रीनवरचे ऊन चुकवायला गेले की वापरणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येते. यंत्र आणि माणूस दोघेही सावलीत येतील असे छत घालणे हाच सोपा मार्ग आहे.

आपोआप दाबल्या गेलेल्या बटणांचे कारण वेगळे आहे. आजच्या बहुतेक स्क्रीन कपॅसिटिव्ह असतात : काचेखाली सूक्ष्म वाहकांची जाळी असते, आणि बोट जवळ आले की तिथल्या विद्युतक्षेत्रात पडलेला फरक यंत्र ओळखते. पाणीही तसाच फरक पाडते, म्हणून थेंबांची ओघळ यंत्राला बोटासारखी वाटते. उलट जाड हातमोज्यातले बोट त्याला जाणवतच नाही. काचेच्या कडांवरून इन्फ्रारेड किरण सोडणाऱ्या स्क्रीनला हातमोजा चालतो, पण प्रखर ऊन, उडत आलेले पान किंवा माशीही तिला फसवते. १९८३ साली आलेल्या एचपी-१५० या टचस्क्रीन संगणकात असेच किरण होते आणि ते ज्या छिद्रांतून येत, त्यांत धूळ साचत असे. मैदानासाठी यंत्र घेताना ‘आयपी ६५’ हा दर्जा विचारावा. त्यातला ६ धुळीपासून पूर्ण संरक्षण सांगतो आणि ५ पाण्याच्या फवाऱ्यापासून. मात्र हा दर्जा पेटीत पाणी शिरणार नाही एवढीच हमी देतो. ओल्या काचेवर स्पर्श नीट ओळखला जाईलच, असे त्यातून निघत नाही. ते पाण्याचा शिंतोडा मारून स्वतः पाहावे. जाता जाता, पोलराइज्ड गॉगल घालूनही एकदा स्क्रीन पाहून घ्यावी, कारण आडवी स्क्रीन उभी बसवलेल्या काही यंत्रांवर अशा गॉगलमधून नुसता काळोख दिसतो.

प्रश्न : कार्यक्रमाच्या दिवशी मोबाइल नेटवर्क कोसळले आणि त्याच दिवशी विजेचा ईएलसीबी (वीज जमिनीत झिरपताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडत राहिला. इलेक्ट्रिशियनला कोठेही बिघाड सापडला नाही. पुढच्या वेळी काय करावे?

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे : एकट्याला पुरणारी गोष्ट अनेकांत वाटली गेली. मोबाइल टॉवरची क्षमता त्याच्या टापूतल्या सगळ्या फोनांमध्ये विभागली जाते, त्यामुळे रिकाम्या मैदानात घेतलेल्या चाचणीला काही अर्थ नसतो. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवल्याने थोडा आधार मिळतो, पण गर्दीत दोन्ही नेटवर्के एकदमच मंदावू शकतात. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच असतात, आणि माणसाच्या शरीरातले पाणी हे तरंग शोषून घेते. म्हणून अँटेना डोक्यांच्या वर असावी. खरी भरवशाची जोडणी तारेचीच. तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत चालते, आणि बहुतेक प्रवेशदारांना एवढी पुरते.

तरीही नेट जाईल असे गृहीत धरूनच व्यवस्था लावावी. प्रतिनिधींची यादी स्थळावरच्याच एका संगणकात असावी आणि तिकिटावरच्या क्यूआर कोडमध्ये डिजिटल स्वाक्षरी असावी, म्हणजे तिकीट खरे आहे की नाही हे नेट नसतानाही तपासता येते. एक फट मात्र राहते, आणि पुरवठादार ती सहसा सांगत नाहीत : एकाच तिकिटाची छायाप्रत घेऊन दोघे जण दोन वेगळ्या दारांनी आले, तर दोन्ही स्वाक्षऱ्या खऱ्याच ठरतात. दारांची यंत्रे निदान आपापसांत जोडलेली असतील तरच दुसरा माणूस अडतो.

ईएलसीबीचे कारण बहुधा असे असावे. प्रत्येक संगणकी पॉवर सप्लायमधून अगदी थोडा विद्युतप्रवाह अर्थिंगमध्ये झिरपतो; हा बिघाड नसून त्याच्या फिल्टरची रीतच तशी असते. एका यंत्राचा झिरपा एखाद-दोन मिलिअँपिअर असला, तरी एकाच वायरवर दहा-बारा यंत्रे आणि त्यांचे प्रिंटर लावले की बेरीज वाढत जाते, आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी प्रत्यक्षात १५ आणि ३० यांच्यामध्ये कोठेही पडू शकतो. ईएलसीबी काढून टाकणे हा उपाय नव्हे. तो माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे. यंत्रे तीन-चार सर्किटांवर वाटावीत, आणि तीही एकाआड एक, म्हणजे एक सर्किट गेले तरी सबंध बाजू काळी पडणार नाही.

बॅटरीचे यंत्र हवे असेल तर हिशेब सोपा आहे. ८० वॉटचे यंत्र दहा तास चालायला ८०० वॉट-तास लागतात. रूपांतरातली घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याची खबरदारी धरून १,१०० घ्यावेत. लिथियम आयर्न फॉस्फेटची एवढी बॅटरी सुमारे ११ किलो भरते. हे वजन तळाशी असेल तर उलट चांगलेच, कारण चाकांवरच्या उंच यंत्राला कोणी रेलले की ते कलंडण्याचा धोका असतो. यंत्र जागेवर आणल्यावर ते दहा अंश कलते करून पाहावे आणि ते आपणहून सरळ होते का, याची खात्री करावी.

प्रश्न : थर्मल प्रिंटरमधून कोरीच तिकिटे बाहेर येत होती. शाई संपली होती का?

उत्तर : थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसतेच. कागदाच्या एका बाजूवर उष्णतेने काळा पडणारा लेप असतो, आणि रोल उलटा बसवला की तापलेले हेड कोऱ्या बाजूवरून फिरते. बसवण्यापूर्वी कागदावर नखाने जोरात ओरखडा काढावा. ज्या बाजूला काळपट रेघ उमटेल ती लेपाची बाजू, आणि तीच हेडकडे यायला हवी. ८० मीटरच्या रोलमधून १५ सेंटीमीटरची साधारण ५३० तिकिटे निघतात, म्हणजे सकाळच्या गर्दीत रोल नेमका केव्हा संपेल हे आधीच सांगता येते. तो गर्दीपूर्वीच बदलावा, उरलेला अर्धा रोल दुपारी वापरावा. सुटे रोल उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नयेत.

प्रश्न : व्हीलचेअरवरील आणि दृष्टिहीन अभ्यागतांसाठी काय सोय असावी? आणि भाड्याची यंत्रे परत करताना लोकांच्या माहितीचे काय करायचे?

उत्तर : अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांनुसार हाताने वापरायचे भाग जमिनीपासून ३८० ते १,२२० मिलिमीटर उंचीच्या दरम्यान हवेत आणि यंत्रापुढे ७६० बाय १,२२० मिलिमीटर मोकळी जागा हवी. उंच उभ्या स्क्रीनवर हे साधायचे तर सगळी बटणे खालच्या अर्ध्या भागात घ्यावीत आणि वरचा भाग सूचनांसाठी सोडावा. दृष्टिहीन व्यक्तीला सपाट काच काहीच सांगत नाही. तिला हेडफोनची खाच, बोलणारी प्रणाली आणि हाताला जाणवणारी चार-पाच बटणे लागतात. युरोपीय संघात तिकीट देणारी नवी सेल्फ-सर्व्हिस यंत्रे २८ जून २०२५ पासून सुगम्यता कायद्याखाली आली आहेत, त्यामुळे अशा सोयी असलेली यंत्रे आता बाजारात मिळतात. मागणी मात्र करारातच लिहावी लागते, आयत्या वेळी त्या सोयी जोडता येत नाहीत.

माहितीबाबत : यंत्र परत जाते तेव्हा त्याच्या डिस्कमध्ये शेकडो नावे आणि फोन नंबर राहिलेले असू शकतात, आणि पुढच्या आठवड्यात तेच यंत्र दुसऱ्या कोणाच्या कार्यक्रमात उभे असते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असावी, काम संपताच आपल्या माणसासमोर ती पुसून घ्यावी आणि परतीच्या पावतीवर प्रत्येक यंत्राच्या अनुक्रमांकापुढे ‘माहिती पुसली’ अशी नोंद सहीनिशी घ्यावी. प्रिंटरच्या खालच्या कप्प्यात अडकून राहिलेले बिल्लेही तेव्हाच काढून घ्यावेत. त्यांच्यावर नावे छापलेलीच असतात.