ऑर्केस्ट्रासाठी कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि लॅपटॉप जोडायचे आहेत. मिडी केबल घेऊ की वायफायवरून ओएससी चालवू? इंटरफेस कोणता चांगला?

केबल घ्या. पाच पिनची, तीच जुनी. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना 'हा सूर वाजव, हा थांबव' असे निरोप पाठवायची पद्धत; ओएससी (ओपन साउंड कंट्रोल) तसेच निरोप नेटवर्कवरून पाठवतं. यावरून माझं आणि माझ्या मामेभावाचं अजून मिटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचा ऑर्केस्ट्रा धुळे-अमळनेर भागात वाजतो. लग्नसराईत हळदी, श्रावणात कानबाई. मामेभाऊ पुण्याहून नवीन डोकं घेऊन आला आणि म्हणाला, स्टेजवर वायरींचं जंजाळ कशाला? मग त्याने माझा कीबोर्ड यूएसबीने त्याच्या टॅबला जोडला, टॅबमधून ओएससीचे निरोप वायफायने खाली मिक्सरजवळच्या लॅपटॉपला; व्हायोलिनचा आवाज लॅपटॉपमधून. घरी झकास चाललं.

अमळनेर तालुक्यातल्या एका हळदीत मांडव गच्च भरला. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, निम्म्यांचा हॉटस्पॉट चालू. पांढरी दोनमधलं अहिराणी गाणं संपलं, मी हात उचलला, तरी लॅपटॉपमधले व्हायोलिन 'सा' धरून बसले. गायकाने पुढचं गाणं काळी एकमध्ये, म्हणजे अगदी शेजारच्या सुरात, उचललं. शेजारशेजारचे दोन सूर एकत्र वाजले की कानाला किती बोचतं ते वाजवणाऱ्याला सांगायला नको. नवरदेवाचे काका स्टेजपाशी येऊन, "काय व्हयनं भो?" शेवटी मिक्सरवर लॅपटॉपचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी) खाली ओढला. मामेभावाचं निदान तयारच होतं: "तुझ्या कीबोर्डची पट्टी अडकली."

पट्टी दाबली की एक निरोप जातो, सोडली की दुसरा. ओएससी बहुतेक वेळा यूडीपी या नेटवर्कच्या पद्धतीवर चालतं; त्यात हरवलेला निरोप परत कोणी पाठवत नाही. आवाजाचा फेडर सरकवताना एखादा निरोप गळाला तर मागून येणारा भरून काढतो, कोणाला कळतही नाही. 'पट्टी सोडली' हा निरोप मात्र एकदाच येतो. म्हणून ओएससी मिक्सरला, इफेक्टला, लाइटला उत्तम. मिडीच्या ० ते १२७ पेक्षा त्यात कितीतरी बारीक आकडे पाठवता येतात. सूर त्याच्या भरवशावर सोडू नका.

मामेभाऊ म्हणतो, "१९८३ चं तंत्र कवटाळून बसलायस." हो, १९८३ चंच. त्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर मिडी केबलने जोडून वाजवून दाखवले होते. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलली. ह्याचा टॅब ह्याच्याच लॅपटॉपशी बोलेना. मिडी केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक सूर साधारण एका मिलिसेकंदात पोचतो. ढोलकीच्या ठेक्याला आणखी काय हवं?

दुसरा फायदा जनरेटरवर कळतो. लॅपटॉप यूएसबीने जोडला की कधी कधी स्पीकरमधून घूं सुरू होते. पाच पिनच्या मिडीत निरोप आत प्रकाशाने पलीकडे जातो, विजेचा थेट जोड नसतो, त्यामुळे त्या वाटेने तरी घूं येत नाही. फक्त केबल १५ मीटरच्या आतच ठेवा. म्हणजे लॅपटॉप स्टेजवरच घ्या. ऑक्टोपॅडला वेगळा चॅनल द्या, नाहीतर त्याच्या ठोक्यावर व्हायोलिन वाजतील.

आता खरं तेही सांगतो. नेटवर्कवरची सगळीच मिडी वाईट नाही. आरटीपी-मिडी या प्रकारात प्रत्येक पाकिटासोबत (नेटवर्कवरून जाणाऱ्या निरोपांच्या गठ्ठ्यासोबत) मागच्या घडामोडींची नोंद जाते, त्यामुळे सुटलेला निरोप पुढच्या पाकिटात सावरला जातो. स्टुडिओत लॅनची वायर लावून ती वापरायला माझी हरकत नाही. इंटरफेसचं (मिडी केबल लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीचं) म्हणाल तर पाच पिनचं इन-आउट असलेला कुठलाही चालेल.

आणि मामेभाऊ हे वाचत असेल तर: त्या रात्री कीबोर्डमधला पियानोही व्हायोलिनसोबत वाजत होता. हात उचलल्याबरोबर तो थांबला, व्हायोलिन थांबले नाहीत. पट्टी अडकली असती तर पियानो कसा थांबला?