कमरेइतकं पाणी आलेल्या घरात सात लाखांचं इंटिरिअर?

प्रश्न : आमचं श्यामरावनगरला (सांगली) स्वतःचं बैठं घर आहे, वर गच्ची. 2019 च्या पुरात घरात कमरेइतकं पाणी होतं, 2021 ला उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तुळशीच्या लग्नानंतर तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात करायची आहे, पण हॉलमध्ये कुणाला बसवायचं म्हटलं की लाज वाटते. एका इंटिरिअरवाल्यांनी 7,20,000 चं कोटेशन दिलंय, बुकिंगचे 11,000 भरले आहेत. मिस्टर कुपवाडच्या कंपनीत आहेत, हातात 52,000 येतात, निवृत्तीला साडेतीन वर्षं राहिलीत. मी घरी ब्लाउज शिवते, महिन्याला 9,000 सुटतात. गृहकर्जाचा हप्ता 11,500, अजून 4 वर्षं. घरखर्च 30,000 आणि मुलीच्या लग्नासाठी 12,000 ची आरडी. एफडी 4 लाखांची आहे, त्यातले 2 लाख पतसंस्थेत. 5 लाख पर्सनल लोन काढून वरचे एफडी मोडून घालावेत, की मुलीला सहकर्जदार करून गृहकर्जावर टॉप-अप (चालू कर्जावर वाढीव कर्ज) घ्यावं?

उत्तर : ताई, कोटेशनचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. शेवटच्या पानावर अटींच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, ‘जीएसटी एक्स्ट्रा’. 18 टक्क्यांनी ते 1,29,600 होतात. म्हणजे तुमचं काम 7,20,000 चं नाही, 8,49,600 चं आहे. 5 लाखांचं कर्ज काढून वरचे सव्वादोन लाख एफडीतून घालायचे असं तुम्ही धरून चालला आहात. प्रत्यक्षात साडेतीन लाख घालावे लागतील आणि 4 लाखांतले जेमतेम 50,000 उरतील.

आता कर्ज. 5 लाख, 13 टक्के, 5 वर्षं म्हणजे हप्ता 11,376 आणि नुसतं व्याज 1,82,600 च्या आसपास. हप्ते 60 आणि मिस्टरांचे पगार उरलेत 42. निवृत्तीनंतरचे 18 हप्ते, म्हणजे 2 लाखांच्या वर रक्कम, पीएफ आणि ग्रॅच्युइटीतून जाणार. शिवाय तुमच्या हिशेबात आज महिन्याला 7,500 शिल्लक राहतात. त्यात हा हप्ता बसत नाही, म्हणजे लग्नाच्या आरडीला कात्री लागणार. मुलीच्या स्थळासाठी घर सजवायचं आणि त्यासाठी तिच्याच लग्नाची बचत आखडायची, हे मला पटत नाही.

टॉप-अपचा हप्ता हलका वाटतो. 9 टक्क्यांनी 10 वर्षांसाठी घेतलं तर 6,334. बँकेतला माणूस हाच आकडा दाखवतो. पण मुदत दुप्पट झाल्यामुळे व्याज 2,60,000 होतं. दर चार टक्क्यांनी कमी आणि व्याज पाऊण लाखाने जास्त! आयकरातली सवलत सांगितली असेल तर तीही तपासून घ्या. स्वतः राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वजावट मिळते ती वर्षाला 30,000 पर्यंत, आणि तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच.

मुलीला सहकर्जदार करण्याबद्दल स्पष्टच सांगतो, करू नका. हे कर्ज तिच्या सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या नोंदीत, दिसेल. उद्या ती आणि जावई पुण्यात फ्लॅट घ्यायला निघाले की तिची कर्ज घेण्याची ऐपत तेवढी कमी धरली जाईल. सासरी जाणाऱ्या मुलीच्या नावावर माहेरच्या किचन ट्रॉलीचं 10 वर्षांचं कर्ज कशाला?

पण समजा पैसे बिनव्याजी मिळाले असते, तरी हे कोटेशन मी नाकारलं असतं. त्यात किचनच्या ओळीत लिहिलंय, ‘कारकस : प्री-लॅम पार्टिकल बोर्ड’, म्हणजे आतला सांगाडा पार्टिकल बोर्डाचा. वॉर्डरोबलाही तेच. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबलेला भुसा. पाण्यात राहिला की फुगतो आणि वाळल्यावर पुन्हा सरळ होत नाही, स्क्रू धरत नाही. किचन 2,35,000, दोन वॉर्डरोब 1,60,000, टीव्ही युनिट आणि पॅनेलिंग 95,000, असे 4,90,000 रुपये तुम्ही भिंतीला ठोकून बसवणार आहात, आणि त्यातला बराच भाग 2019 च्या पाण्याच्या रेषेखाली येतो. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तसं पुन्हा होईलच असं कुणी म्हणत नाही. पण 2005, 2019, 2021 हे आकडे सांगलीकराला पाठ आहेत, आणि कर्जाची मुदत 5 वर्षांची आहे. हप्ते चालू आणि कपाट कचऱ्यात, अशी वेळ येऊ शकते.

‘मग वॉटरप्रूफ प्लाय घालून द्या म्हणू का?’ असं तुम्ही विचाराल. भारतीय मानक 710 (IS 710) चा मरीन प्लाय चांगलाच असतो, उकळत्या पाण्यात ठेवून त्याची चाचणी होते. पण पुराचं पाणी गाळाचं असतं, दिवसच्या दिवस तुंबतं, आणि नुसता प्लाय टिकून भागत नाही. बिजागऱ्या, चॅनेल, मागची पातळ फळी, कडेची पट्टी हे सगळं टिकावं लागतं. दरही वाढतो तो वेगळाच.

म्हणून तुमच्या घरासाठी माझा नियम सोपा आहे. 2019 च्या पाण्याच्या रेषेखाली एकतर दगड, ग्रॅनाइट, स्टील, अ‍ॅल्युमिनियम असावं, नाहीतर चौघांनी उचलून गच्चीवर नेता येईल असं सामान. शोभेचा खर्च रेषेच्या वर करा: रंग, पडदे, दिवे.

तुमच्या फोटोत काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आणि खाली कडप्प्याचे कप्पे दिसतात. ताई, हे काढून टाकायचा विचारसुद्धा करू नका. 2019 ला तुम्ही तो कडप्पा धुऊन पुसून पुन्हा वापरलात, असं तुम्हीच लिहिलंय. त्यालाच अ‍ॅल्युमिनियम सेक्शनच्या चौकटीत शटर बसवा, दोन-तीन कप्प्यांत स्टीलच्या ट्रॉल्या घाला. समोरून बघणाऱ्याला मॉड्युलरच वाटेल. यासाठी 60,000 ची मर्यादा ठेवा आणि सांगली-मिरजेतल्या दोघा-तिघांकडून मापासकट लेखी दर घ्या.

वॉर्डरोब नकोत. घरात दोन लोखंडी कपाटं आहेत, दारं नीट लागतात, फक्त रंग उडालाय. गाड्यांचं स्प्रे पेंटिंग करणाऱ्याकडून ती घासून रंगवून घ्या, हँडल बदला, 15,000 धरा. भिंतीच्याच रंगात रंगवली तर खोलीत डोळ्यावर येत नाहीत. सासूबाईंचा सागवानी दिवाण तुम्ही ‘जुनाट’ म्हणून कोपऱ्यात टाकलाय, तो हॉलमध्ये आणा. पॉलिश, नवी गादी, तक्के, 18,000. कोटेशनमधल्या पॅनेलिंगच्या पाचव्या हिश्श्यात हॉलला जो भारदस्तपणा येईल तो पार्टिकल बोर्डाने आला नसता.

फॉल्स सीलिंग (1,10,000) सरळ वगळा. गच्चीच्या कोपऱ्यात स्लॅब पाझरतो असं पत्रात ओझरतं लिहिलंय. जिप्समच्या वर ते पाणी साचेल आणि डाग पडेपर्यंत कळणारही नाही. त्याऐवजी स्लॅबचं वॉटरप्रूफिंग करा, 30,000. उजेडासाठी भिंतीवरचे दिवे आणि 2700 ते 3000 केल्विनचे पिवळसर एलईडी लावा, 12,000. सध्याच्या पांढऱ्याफटक ट्यूबमध्ये कुठलाही रंग आजारीच दिसतो.

दिव्यांचं काम चाललंच आहे तर वायरमनकडून सगळी प्लगची बटणं पाण्याच्या रेषेच्या वर घ्या, जुनी वायर बदला, 35,000. हा खर्च पाहुण्यांना दिसणार नाही, तरी या यादीतला एकही दुसरा खर्च मी यापेक्षा आधी करणार नाही.

रंगाला कोटेशनमधले 75,000 न देता ओल काढण्यासकट 60,000 धरा. घाई मात्र करू नका. खालच्या भिंतीला पांढरे क्षार आलेत, पोपडे सुटतात. पाऊस थांबल्यावर भिंत उघडी करून वाळू द्या, दसऱ्यानंतर पुट्टी लावा. ओल्या भिंतीवर महागातला इमल्शन लावला तरी फुगे येणारच. हॉलला एकच फिकट रंग घ्या आणि दिवाणामागची भिंत गडद करा. पडद्यांचे 45,000 बघून तर मला हसूच आलं, शिलाई मशीन तुमच्या घरात आहे! विटा किंवा इचलकरंजी गावच्या मागाचं कापड आणा आणि स्वतः शिवा, 12,000 पुरेत.

बेरीज 2,42,000. जुन्या घरात भिंत फोडली की काहीतरी निघतंच, म्हणून 25,000 वर ठेवा. एकूण 2,67,000.

पैसे कुठून? पतसंस्थेतली 2 लाखांची ठेव नोव्हेंबरमध्ये सुटते, ती पुन्हा ठेवू नका. ठेव विम्याचं 5 लाखांपर्यंतचं कवच बँकांतल्या ठेवींना असतं, पतसंस्थांतल्या नाही. ‘संचालक ओळखीचे आहेत’ हे कवच नव्हे. त्यातले 1,50,000 कामाला, 50,000 बँकेत. आधीच्या 2 लाखांसह बँकेत 2,50,000 झाले, हा तुमचा हप्त्यासकट सहा महिन्यांचा खर्च. त्याला हात लावायचा नाही. मिस्टरांचा दिवाळीचा बोनस 35,000, जानेवारीत उचलायची भिशी 60,000. उरले 22,000, ते तीन महिन्यांच्या शिलकीतून निघतील. नोव्हेंबरआधी गवंडी-रंगाऱ्याला द्यायला रोख कमी पडली तर बँकेच्या एफडीवर थोड्या दिवसांचं ओव्हरड्राफ्ट (ठेव न मोडता तिच्यावर उचल) घ्या. ठेवीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त पडतात, तेही वापरलेल्या रकमेवरच.

सगळं एकदम उरकायचं नाही. वायरिंग, हॉल, दिवे, पडदे तुळशीच्या लग्नाआधी. स्वयंपाकघर भिशी आल्यावर. कपाटं आणि गच्ची उन्हाळ्यात, पण मे संपायच्या आत. सुताराला, रंगाऱ्याला सामान स्वतः आणून द्या, मजुरी आठवड्याच्या कामावर द्या आणि शेवटचे दहा टक्के सगळं तपासून झाल्यावरच.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. घराचा विमा आहे का? 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी मिळते. तिच्यात पूर धरलेला आहे. इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, इतकं घरातलं सामान वेगळी यादी न देता आपोआप धरलं जातं. विमा रक्कम बांधकाम खर्चावर काढायची, जागेची किंमत धरायची नाही. पुढच्या पावसाळ्याची वाट न बघता घ्या, आणि दुरुस्त केलेल्या खोल्यांचे फोटो व बिलं मोबाइलखेरीज मुलीकडेही पाठवून ठेवा.

राहता राहिले बुकिंगचे 11,000. इंटिरिअरवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर नको, ईमेलवर लिहा: काम सुरू झालेलं नाही, माप घेऊन गेलात एवढंच, बुकिंग रद्द करून रक्कम परत करावी. पावतीवरची अट वाचा, माप घेण्याचे हजार-दोन हजार कापून दिले तरी घ्या. अजिबात नाहीच म्हणाले तर ‘एवढे भरलेत, आता करूनच टाकू’ असा विचार मनात आणू नका. ते 11,000 त्या कर्जाच्या एका हप्त्यापेक्षा कमी आहेत.