कोकणची सहल : निम्मं-निम्मं की कमाईप्रमाणे?

प्रश्न असा आहे. लातूरच्या ताई महाविद्यालयात नोकरीला आहेत, पगार हातात ४६,००० येतो. पतींचं औशाला कृषी सेवा केंद्र आहे, गेल्या तीन वर्षांतला निव्वळ नफा ५,१०,०००, ४,२०,००० आणि २,४०,०००. घराचा १४,०००चा हप्ता ताई भरतात, गावाकडे आईवडिलांना महिन्याला ६,००० पती देतात. डिसेंबरात पतींच्या गाडीने गणपतीपुळे-रत्नागिरी करायचं आहे. पतींचं म्हणणं, "तुझा पगार जास्त, तू जास्त दे." ताईंचं म्हणणं, निम्मं-निम्मं. हातात पैसे नाहीत म्हणून ४०,००० ताईंच्या क्रेडिट कार्डवर घेऊन सहा हप्ते पाडायचे का? आणि माहेर-सासरच्या फेऱ्यांना वर्षाला २०,००० लागतात, ते कसे वाटायचे?

ताई, आधी हिस्सा काढू, कारण त्यात भांडण्यासारखं फारसं नाही. कमाईची तुलना करताना घरासाठी जे ठरलेलं जातं ते दोघांच्याही बाजूने आधी वजा करायचं. तुमचा वर्षाचा पगार ५,५२,०००, हप्ते १,६८,०००, उरले ३,८४,०००. पतींची तीन वर्षांची सरासरी ३,९०,०००, त्यातून गावाकडचे ७२,००० गेले, उरले ३,१८,०००. म्हणजे ५५ आणि ४५. दोघंही थोडे-थोडे बरोबर आहात.

सरासरी तीन वर्षांचीच घ्या. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीनंतर सोयाबीन हातचं गेलं आणि दुकानाची उधारी अडकली. तेवढं एकच वर्ष धरलं तर त्यांचा हिस्सा ३० टक्क्यांवर येतो. चांगलं वर्ष धरलं तर ५३ वर जातो. दरवर्षी आकडा असा हलला की दरवर्षी वाद.

आता बजेट. गाडीचा खर्च म्हणजे फक्त पेट्रोल, ही सगळ्यात नेहमीची चूक. पेट्रोल लिटरला १०५ आणि गाडी १५ची सरासरी देते असं धरलं तर किलोमीटरला ७ रुपये. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, विमा आणि झीज यांचे निदान ३ रुपये वर धरा, कारण ते एरवी गुपचूप पतींच्या खिशातून जातात. सोलापूर-कोल्हापूरमार्गे जाऊन-येऊन, तिथलं फिरणं धरून ११०० किमी, म्हणजे ११,००० रुपये. किलोमीटर अंदाजाने लिहू नका, निघताना आणि परतल्यावर मीटरचा फोटो काढा. टोलला १,०००. फास्टॅग पतींच्या खात्याला जोडलेला असेल, तर तो टोल हिशेबात येतच नाही. स्टेटमेंट काढून लिहा. चार रात्रींचा मुक्काम ३,००० प्रमाणे १२,०००, जेवणखाण पाच दिवस १,८०० प्रमाणे ९,०००, होडी, पार्किंग, किरकोळ ३,०००. झाले ३६,०००. दहा टक्के वरखर्च धरून ४०,०००. तुमचे २२,०००, त्यांचे १८,०००.

कार्डाचं उत्तर मात्र सरळ "नाही" असं आहे. वर्षाला १५ टक्के दराने सहा हप्ते पाडले तर महिन्याला साधारण ६,९६० पडतात, व्याज साधारण १,७६८, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी. "नो कॉस्ट" म्हटलं तरी व्याजावरचा जीएसटी आणि फी सुटत नाही. पण दोन हजारांपेक्षा मला खुपतो तो काळ. डिसेंबरात घेतलेले हप्ते जूनपर्यंत चालतात, आणि मे-जूनमध्ये कृषी केंद्रवाल्याचा सगळा पैसा बियाणं-खतात गुंतलेला असतो. कार्ड तुमच्या नावावर, मग शेवटचे हप्ते कोण भरणार? कागदावरचं ५५-४५ तिथेच मोडतं.

त्यापेक्षा सहल डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळून जानेवारीच्या शेवटाला न्या. नाताळ ते नववर्षाची गर्दी ओसरलेली असते, खोलीच्या भाड्यात घासाघीस करता येते. जूनपासून तुम्ही महिन्याला २,७५० टाकले की जानेवारीपर्यंत आठ हप्त्यांत २२,००० होतात. पतींना मासिक रकमेत बांधू नका, त्यांचा पैसा महिन्याने येत नाही. सोयाबीनची उधारी वसूल झाली की नोव्हेंबरात एकदम १८,००० त्यांनी टाकावेत. नोव्हेंबरअखेर ते आले नाहीत, तर त्यांचा हिस्सा तुम्ही उसना भरू नका. मुक्काम चार रात्रींऐवजी दोन रात्रींचा करा किंवा तारीख पुढे ढकला. खोली घेतानाही तारीख बदलून मिळेल का, आगाऊ रक्कम किती दिवस आधी परत मिळेल, हे लेखी घ्या. मेसेजवर चालेल.

पैशाला वेगळं संयुक्त खातं उघडा. "दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती" अशी व्यवहाराची पद्धत लिहून घ्या, दोघांना डेबिट कार्ड मागा, आणि यूपीआय दोघांच्या नंबरवर चालेल का हे तिथेच विचारा. सहलीत कोणी रोख दिली तर त्याच रात्री तेवढी या खात्यातून त्याच्याकडे वळवा. "घरी गेल्यावर बघू" म्हटलं की नारळपाण्याचे ऐंशी रुपये विसरले जातात आणि हॉटेलचे तीन हजार लक्षात राहतात.

राहिल्या माहेर-सासरच्या फेऱ्या. वर्षाला २०,००० म्हणता; त्याच प्रमाणात तुमचे ११,००० आणि त्यांचे ९,०००. फेब्रुवारी ते मे तुमचे तेच २,७५० चालू ठेवा, त्यांनी मार्चमध्ये हरभऱ्याचा पैसा आला की द्यावेत. या पहिल्या वर्षी मात्र राखी-दिवाळीच्या फेऱ्या नेहमीसारख्या आपापल्या खिशातून करा, नाहीतर कोकणाच्या पैशाला कात्री लागेल.

एसटीत मार्च २०२३पासून महिलांना राज्यात निम्मं भाडं आहे. म्हणून "आपापलं तिकीट आपण काढू" असा हिशेब नको. त्यांचं तिकीट २६०, तुमचं १३०, तर खात्यातून ३९० जाऊ द्या, सवलत घराची. सासऱ्यांचं वय ७५ पूर्ण असेल तर त्यांना तिकीटच नाही, फक्त ओळखपत्र जवळ ठेवायला सांगा. आहेर, साडी, भाऊबीजेची ओवाळणी मात्र या खात्यात घुसवू नका. प्रवास दोघांचा, ओवाळणी ज्याची त्याची.