केरळ, केरल की केरळम्?

प्रश्न असा आला आहे: राज्याचं नाव केरळ लिहावं की केरल? तिथले लोक केरळम् म्हणतात, ते का? नावाचा नारळाशी संबंध खरा का? आणि तिथल्या माणसाला मल्याळी म्हणायचं, मल्याळम की मलबारी?

आधी अक्षराचं उरकू. मराठीत केरळच. हिंदीतलं केरल ते शुद्ध आणि ळ हा आपला घरगुती फेरफार, असा समज बऱ्याच जणांचा असतो. गोष्ट उलटी आहे. मल्याळम लिपीत या नावात जे अक्षर आहे ते आपलं ळच. अभिजात संस्कृतात ळ नाही, म्हणून कालिदासाच्या रघुवंशात चौथ्या सर्गात रघूच्या सैन्याची धूळ ज्यांच्या केसांवर बसते त्या ‘केरलयोषिता’. हिंदीत संस्कृतातला तो ल तसाच राहिला. मराठीला फल-फळ, कमल-कमळ अशी सवय होतीच, त्यामुळे आपण सहज केरळ म्हणू लागलो आणि नेमके मूळ उच्चारावर जाऊन बसलो. कथकळीचंही तेच. मल्याळममध्ये कळि म्हणजे खेळ, तेव्हा ‘कथकली’ लिहिण्याचं मराठीत काही कारण नाही.

खरी गफलत होते ती पुढच्या ध्वनीत. मल्याळममध्ये ल आणि ळ यांच्या जोडीला तिसरा एक भाऊबंद आहे: जीभ ळसारखीच मागे वळते, पण टाळूला टेकत नाही. वाल् म्हणजे शेपूट, वाळ् म्हणजे तलवार आणि वाऴ म्हणजे केळीचं झाड. देवनागरीत यासाठी ळखाली नुक्ता दिलेलं ऴ हे अक्षर आहे, पण ते मराठीत कोणी वापरत नाही. इंग्रजीत हा ध्वनी झेड आणि एच जोडून लिहितात, आणि ते वाचून आपली वर्तमानपत्रं ‘कोझिकोडे’ आणि ‘अलाप्पुझा’ छापतात. तिथे झ कुणीच उच्चारत नाही. तमिळच्या शेवटी हाच ध्वनी आहे आणि आपण ‘तमिझ’ लिहीत नाही. मग त्याच न्यायाने कोळिक्कोड आणि आलप्पुळा लिहावं. वास्को द गामा १४९८ साली जिथे पोचला ते इतिहासाच्या पुस्तकातलं कालिकत म्हणजे हेच कोळिक्कोड. जुन्या संदर्भात कालिकत राहू द्यायला हरकत नाही.

आता शेवटचा म्. मल्याळममध्ये नपुंसकलिंगी नामं बहुधा ‘अम्’ने संपतात: मरम् (झाड), पुस्तकम्, केरळम्. पण हा म् फक्त कर्त्याच्या रूपात टिकतो. ‘केरळात’ म्हणायचं तर ‘केरळत्तिल्’ होतं, आणि समासात तो गळतोच. ‘केरळ सर्क्कार्’ असं तिथलं सरकार स्वतःच लिहितं. तेव्हा केरळ हे रूप इंग्रजांनी तोडलेलं नाही, ते त्या शब्दाचं अंगच आहे. पुस्तकम्‌चं आपण पुस्तक करतो तसंच. (एर्नाकुलम आणि कोल्लम यांचा म मात्र आपण ठेवला. त्यामागे नियम शोधू नये, रूढी आहे.)

या म्‌ला अलीकडे राजकीय वजन आलं आहे. राज्यघटनेच्या पहिल्या अनुसूचीत ‘केरळम्’ असा बदल व्हावा यासाठी तिथल्या विधानसभेने ऑगस्ट २०२३ मध्ये ठराव केला आणि शब्दयोजना सुधारून २४ जून २०२४ रोजी पुन्हा केला. राज्याचं नाव बदलायला तिसऱ्या अनुच्छेदाखाली संसदेचा कायदा लागतो. अधिकृत नाव लिहिण्याची वेळ येईल तिथे कायद्यात असेल ते लिहावं, पण रोजच्या मराठीत केरळ पुरेसं आहे. ‘केरळममध्ये’ म्हणताना दोन म एकमेकांवर आपटतात. साधं ‘केरळात’ म्हणा.

नारळाची व्युत्पत्ती पाठ्यपुस्तकांत शिरली आहे: केर म्हणजे नारळ, त्यांची भूमी ती केरळ. दर परसात माड असलेल्या मुलखाला ती शोभते, म्हणूनच ती टिकली. ‘केरम्’ हा मल्याळम शब्द आहे हेही खरं. पण तो ‘नाळिकेरम्’चं शेपूट आहे, आणि नाळिकेरम् म्हणजे संस्कृत नारिकेल, ज्याचा आपण नारळ केला. दुसरी अडचण जास्त मोठी. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात, हे नाव चोळ आणि पांड्यांच्या पंगतीला ‘केरलपुत्र’ असं येतं. गिरनारच्या दगडावर ‘केतलपुतो’ कोरलंय, ती कोरणाऱ्याची चूक मानतात. पुत्र हा शब्द कुळाला किंवा लोकांना लागतो, झाडाला नाही. जुन्या तमिळ काव्यात हेच राजे ‘चेर’ म्हणून येतात.

केर आणि चेर एक कसे? कन्नडमध्ये जिथे शब्दारंभी ‘के’ किंवा ‘कि’ असतो तिथे तमिळ-मल्याळममध्ये पुष्कळदा ‘चे’ सापडतो. कानाला कन्नडमध्ये किवि, मल्याळममध्ये चेवि. वस्तीला कन्नडमध्ये केरी, तिकडे चेरी. कुर्गमधलं मडिकेरी आणि तमिळ किनाऱ्यावरचं पुदुच्चेरी यांची शेवटची दोन अक्षरं म्हणजे एकच शब्द. तलश्शेरी, चंगनाश्शेरी हीही त्याच घरची. म्हणून बहुतेक अभ्यासकांचा कल केरळम् म्हणजे चेरांचा देश, याकडे आहे. ‘चेर्’ म्हणजे जोडणे, म्हणून समुद्राने जोडून दिलेली जमीन, असंही कोणी सांगतं. परशुरामाने समुद्र हटवल्याची कथा कोकणासारखीच तिथेही आहे, तिला ती व्युत्पत्ती सोयीची.

मल्याळममधला ‘मल’ म्हणजे डोंगर, यावर वाद नाही. उरलेल्या अर्ध्यावर आहे. मूळ शब्द मलयाळम्, आपल्या तोंडी मधला अ गळून मल्याळम झाला, आणि दोन्ही चालतात. इंग्रजीत हा शब्द उलटसुलट सारखाच वाचता येतो म्हणून कोड्यांत फिरत असतो. हिंदीतल्या ‘मलयालम’लाही ते जमतं. मराठीत आणि खुद्द मल्याळममध्ये जमत नाही, कारण एका बाजूला ल आणि दुसऱ्या बाजूला ळ. भाषा मल्याळम, ती बोलणारा मल्याळी. ‘मल्याळम माणूस’ ही सरळ चूक. ‘मल्याळी भाषा’ कानाला खटकत नाही, पण टाळलेली बरी.

मलबारी जपून वापरावं. मल या डोंगराला अरब-इराणी खलाशांचा बार म्हणजे किनारा किंवा मुलूख जोडून मलबार झालं. परक्यांसाठी तो सगळाच किनारा मलबार होता. डच अधिकाऱ्याने कोचीत बसून तयार केलेल्या बारा खंडांच्या वनस्पतिग्रंथाच्या नावातही मलबारच आहे. त्याच्या १६७८च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट यांचं कोंकणी प्रमाणपत्र नागरी अक्षरांत छापलंय. १७९२ला टिपूकडून मुलूख घेतल्यावर इंग्रजांनी उत्तरेकडच्या एका जिल्ह्याला हे नाव दिलं. पुढे मद्रास इलाख्यातला तो मलबार जिल्हा, कासारगोड तालुका आणि त्रावणकोर-कोचीन मिळून १ नोव्हेंबर १९५६ला राज्य झालं. त्रावणकोरचे कन्याकुमारीकडचे चार तालुके मद्रासला गेले. त्यामुळे आज मलबार म्हणजे कासारगोडपासून पालक्काडपर्यंतचा उत्तर भाग. तिरुवनंतपुरमच्या माणसाला मलबारी म्हणणं म्हणजे नागपूरकराला कोकणी म्हणणं.

राज्याचा रहिवासी म्हणायचं असेल तर केरळी किंवा केरळीय. कोचीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा, घरी कोंकणी बोलणारा सारस्वत केरळी आहे, पण त्याला मल्याळी म्हणण्याआधी विचारावं.