नॉर्वेतील उर्नेसचे लाकडी चर्च इतकी शतके कसे टिकले?

उर्नेसचे चर्च सुमारे ११३० साली बांधले गेले आणि ते टिकण्याचे मुख्य श्रेय पायाला द्यावे लागते. त्यापूर्वीच्या चर्चचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत, त्यामुळे ओल लागून ते बुडाशी कुजत. पुढे दगडी जोत्यावर आडव्या तुळया टाकून त्यांवर खांब उभारण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे वाई-मेणवलीच्या जुन्या वाड्यांत लाकडी खांबाखाली दगडी तळखडा बसवलेला दिसतो, तोही याच कारणासाठी. शिवाय चर्चच्या लाकडाला बाहेरून पाइनच्या लाकडाचे डांबर चढवले जाई.

खरा ऐवज मात्र उत्तरेकडील भिंतीत आहे: सापांशी गुंतलेल्या सडपातळ चतुष्पाद प्राण्याचे तेथील कोरीवकाम अकराव्या शतकातील, म्हणजे आधीच्या चर्चमधून काढून पुन्हा बसवलेले आहे. १९७९ पासून ही वास्तू जागतिक वारसा यादीत आहे.