रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य आले, तरी स्वतःचं मूल होऊ शकतं का?

वीर्य तपासणीत एकही शुक्राणू दिसला नाही, म्हणजे आता दात्याचं वीर्य हाच मार्ग उरला का, असं तुम्ही विचारलंय. नाही, एवढ्यात तिथे पोहोचू नका. आधी तपासणी पुन्हा करा, एका रिपोर्टवर काहीच ठरत नाही.

खरा प्रश्न असा, की शुक्राणू तयारच होत नाहीत की वाटेत अडतात? वाट बंद असेल तर ते बहुतेक वेळा सुईने काढता येतात. निर्मितीच कमी असेल तर मायक्रो-टेसे ही शस्त्रक्रिया. यात सर्जन सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातल्या केसासारख्या नलिका एकेक करून पाहतात. त्यातल्या जाडसर, पांढरट नलिकांत शुक्राणू मिळण्याची आशा जास्त. मिळालेला शुक्राणू काचेच्या बारीक सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात, तीच इक्सी. ब्रुसेल्सच्या संशोधकांनी १९९२ मध्ये या पद्धतीने झालेल्या पहिल्या गर्भधारणा जाहीर केल्या.

शस्त्रक्रियेआधी वाय गुणसूत्राची चाचणी मात्र कराच. त्यावर शुक्राणू तयार होण्यासाठी लागणारे एझेडएफ नावाचे ए, बी आणि सी भाग असतात. त्यातला ए किंवा बी भाग पूर्ण गळलेला असेल तर शुक्राणू जवळजवळ सापडतच नाहीत आणि शस्त्रक्रिया टाळता येते. सी भाग गेला असेल तर सापडू शकतात, पण मुलगा झाल्यास दोष त्याच्यातही उतरतो. हे जोडप्याला आधी कळायलाच हवं.

आणि जिमसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. त्यानेही शुक्राणू शून्यावर येतात; बंद केल्यावर बऱ्याच जणांत काही महिन्यांनी परत दिसू लागतात.