पहिल्याच सेमिस्टरला गणित घे

तू विचारलंयस, अमेरिकेत बिझनेसच्या बॅचलर्सला येतेय, तर पहिलं वर्ष रुळण्यात जाईल म्हणून सोपे जनरल विषय आधी उरकून गणित आणि अकाउंटिंग दुसऱ्या वर्षाला ठेवू का? नको. मी नेमकं हेच केलं आणि डिग्री एक सेमिस्टर लांबली.

डिग्रीला साधारण १२० क्रेडिट (प्रत्येक विषयाचं ठरलेलं वजन) लागतात. आठ सेमिस्टर, दर वेळी १५, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे पाच विषय. हिशोब सरळ दिसतो, पण विषय एकमेकांत अडकलेले असतात. फायनान्ससाठी आधी अकाउंटिंग, ऑपरेशन्ससाठी स्टॅटिस्टिक्स, स्टॅटिस्टिक्ससाठी गणित. आणि हे मूळ विषय झाल्याशिवाय शेवटच्या वर्षाचा कॅपस्टोन, म्हणजे सगळं शिकलेलं एकत्र वापरायला लावणारा विषय, मिळत नाही.

मी कॅल्क्युलस दुसऱ्या वर्षाला घेतलं. मिडटर्म वाईट गेली, तेव्हा विषय सोडायचं ठरवलं. पण त्या सेमिस्टरला माझे १२च क्रेडिट होते, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर तेवढे किमान लागतातच. सोडला असता तर ९ उरले असते. कसाबसा पूर्ण केला, ग्रेड आली सी मायनस, आणि आमच्याकडे स्टॅटिस्टिक्सला किमान सी हवी होती. रजिस्ट्रेशनच्या सकाळी स्क्रीनवर आलेली ती लाल ओळ अजून डोळ्यांसमोर आहे: 'प्रीरेक्विझिट नॉट मेट', म्हणजे आधी लागणाऱ्या विषयाची अट पूर्ण नाही. कॅल्क्युलस पुन्हा, मग स्टॅटिस्टिक्स, आणि ऑपरेशन्स तर फक्त फॉललाच (ऑगस्टच्या सुमाराला सुरू होणाऱ्या सेमिस्टरला) असायचं. घरच्यांना जास्तीच्या फीचं सांगताना शब्द फुटत नव्हता.

म्हणून पहिल्या सेमिस्टरला गणित, मायक्रोइकॉनॉमिक्स, इंग्रजी रायटिंग आणि दोन जनरल विषय घे. दुसऱ्याला स्टॅटिस्टिक्स, मॅक्रो, फायनान्शियल अकाउंटिंग. कायम १५ क्रेडिट ठेव. एखादा विषय फारच जड गेला, तर तो सोडूनही १२ हातात राहतात. सोडण्याआधी मात्र इंटरनॅशनल ऑफिसला विचार, नंतर नाही. आणि त्या १२ मध्ये पूर्ण ऑनलाइन असा एकच विषय, तीन क्रेडिटपर्यंतच, धरला जातो.

मेजरचं (मुख्य विषयाचं) नाव बघून भुलू नकोस. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे शिकलेल्या विषयातल्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मेजर असेल तर आणखी २४ महिने वाढवून मागता येतात. ते ठरतं आय-२० वरच्या (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) सीआयपी कोडवर, म्हणजे अभ्यासक्रमाच्या सरकारी क्रमांकावर. बिझनेस अॅनालिटिक्सला बऱ्याच ठिकाणी स्टेमचा कोड असतो, मार्केटिंगला सहसा नसतो. प्रवेश पक्का करण्याआधी कॉलेजला ईमेल करून कोडच विचार.

कॅम्पसबाहेरची इंटर्नशिप सीपीटीवर, म्हणजे शिकत असतानाच्या कामाच्या परवानगीवर, एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर करता येते. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यासाठी मुलाखती खूप आधीपासून सुरू होतात, तेव्हा रेझ्युमेवर अकाउंटिंग झालेलं दिसायला हवं.

कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये तुझ्या मेजरचं पान काढ, कॅपस्टोनपासून मागे मागे येत आठही सेमिस्टरचा तक्ता मांड, आणि अॅडव्हायझरला भेटायच्या आधी मला पाठव. मी एकेक ओळ तपासून देते.